ती मदत मागायला गेली, मग पुढे काय झालं ते शोध

प्रश्न: ताई, मी पुण्यात पब्लिक पॉलिसीमध्ये एमए करतेय. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तालुक्याच्या पातळीवर कसा राबवला जातो हा विषय घेतलाय. गाईड म्हणाले तीस पीडित महिलांच्या मुलाखती घे. ओळखीच्या आशाताईंनी एका गावात दोन घरं दाखवली. दुसऱ्या घरी ती बाई बोलता बोलता रडायला लागली, तेवढ्यात सासू आत आली आणि मी कागद हातात धरून तशीच बसून राहिले. तेव्हापासून फिल्डवर जायची हिंमत होत नाहीये. वर्गात काही जण म्हणतात कायदा चांगलाय, बायकाच तक्रार करत नाहीत, आणि काही म्हणतात निम्म्या केसेस खोट्या असतात, मला दोघांनाही उत्तर देता येत नाही. त्यात माझ्या मावशीच्या घरी हेच चालू आहे आणि घरात कुणी त्यावर बोलत नाही. रात्री झोप लागत नाही. सबमिशनला चार महिने राहिलेत. विषय बदलू का?
– स., पुणे

स.,

सगळ्यात आधी त्या दुसऱ्या घरातल्या बाईंचं बोलू, कारण प्रबंधापेक्षा ते अर्जंट आहे. तू निघून आल्यावर सासूने विचारलं असणारच की ती मुलगी कोण होती, काय लिहून घेत होती, आणि तू तिला काय काय सांगितलंस. आता तू परत त्या घरी जाऊ नकोस, फोन करू नकोस, आणि व्हॉट्सॲपवर सॉरी वगैरे तर अजिबात पाठवू नकोस, अशा घरात बाईचा फोन तिच्या एकटीच्या हातात असतोच असं नाही. आशाताईंना भेट. त्या लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी अशा कामांनी तशाही घरोघरी जातात, त्यांच्या जाण्याने कुणाला संशय येत नाही. त्यांना सांग की नेहमीच्या फेरीत जाऊन बघा, एकटी भेटली तर बरी आहे का विचारा, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी सांगा, चिठ्ठीवर लिहून देऊ नका. हे याच दोन दिवसांत कर, बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

आता मुलाखतींचं. तुला तीस घरं गाठायला सांगितली पण कसं बसायचं, कुठे बसायचं, मध्येच कुणी आलं तर काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही असं पत्रावरून दिसतंय आणि मला त्याचा खरंच राग येतो. हे काही नवीन शास्त्र नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालीच या विषयावरच्या संशोधनासाठी नियम लिहून ठेवलेत, आणि त्यातलं पहिलंच हे की उत्तर देणारीची आणि प्रश्न विचारणारीची सुरक्षितता आधी, बाकी सगळं नंतर. आपल्याकडचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघ, एवढा मोठा सरकारी सर्व्हे, पण हिंसाचाराचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात आणि ती एकटी असल्याशिवाय विचारतच नाहीत, एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. सरकारी सर्व्हेला कोरा रकाना चालतो तर तुझ्या प्रबंधालाही चालेल. कुणी आत आलं की लगेच बचत गट, रेशन कार्ड, पाणी असल्या विषयांवर उडी मारायची, ते प्रश्न आधीपासून त्याच वहीत वरच्या पानावर लिहून ठेवायचे. आणि घरी जायचंच नाही. समुपदेशन केंद्रात, दवाखान्यात, जिथे ती तशीही स्वतःच्या पायांनी आलेली आहे तिथे, तिच्या समुपदेशकाला विचारून, तीही हो म्हणाली तरच.

पण माझा खरा मुद्दा वेगळाय. विषय बदलू नकोस असंच मी म्हणेन, फक्त तू चुकीच्या दारात उभी आहेस. तुझा विषय काय, तर कायदा कसा राबवला जातो. मग नवऱ्याने कशाने मारलं, कितीदा मारलं हे तीस बायकांकडून ऐकून तुला कायद्याबद्दल काय कळणार गं? त्या बाईला ते सगळं परत उगाळावं लागणार, तुझी वही भरणार, आणि ज्यांनी काम करायला हवं होतं त्यांना एकही प्रश्न विचारला जाणार नाही. मी इतकी वर्षं समुपदेशन केंद्रात बसते, आमच्याकडे दरवर्षी विद्यार्थी येतात आणि बहुतेकांना "केस स्टोरी" हवी असते. ती मदत मागायला बाहेर पडल्यावर तिचं काय झालं, कुठल्या टेबलावर अर्ज अडकला, हे विचारणारे फार कमी. आणि पॉलिसीचा अभ्यास म्हणजे नेमकं तेच की!

कायदा समोर ठेव. २००५ चा अधिनियम, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात मुदती स्पष्ट लिहिल्यात: अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने जास्तीत जास्त दोन दिवसांत बजावायची, आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करायचा. आता तुझ्या तालुक्यातल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बस, वकिलांशी बोल, नोटीस प्रत्यक्षात किती दिवसांनी पोचते, का परत येते, सासरचे पत्त्यावर नाहीत असा शेरा कोण मारतं, हे विचार. तारखेला यायचं म्हणजे बाईची त्या दिवसाची मजुरी गेली, एसटीचं भाडं गेलं, कडेवर पोर, आणि दुपारी कळतं की साहेब रजेवर आहेत. हा हिशोब कुणीतरी मांडायला हवा, तू मांड. एका केसमध्ये किती तारखा पडल्या, त्यातल्या किती कशामुळे पुढे ढकलल्या, एवढं जरी दहा फायलींमधून नावं न घेता काढलंस तरी तो प्रबंध कुणीतरी वाचेल. फक्त या केसेस बंद दाराआड चालवायची सोय कायद्यातच आहे हे लक्षात ठेव आणि फायली बघायच्या तर कॉलेजचं पत्र देऊन, रीतसर परवानगी घेऊनच बघ.

मग संरक्षण अधिकारी. हा या कायद्याचा कणा आहे असं मी मानते, कारण बाईला पोलीस स्टेशनची पायरी न चढता, वकील न करता दाद मागता यावी म्हणून ही जागा तयार केली. तिने सांगितलेलं लिहून घेऊन कौटुंबिक घटना अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा, मोफत वकील, निवारा, दवाखाना हे सगळं जोडून द्यायचं हे त्यांचं काम. तो अहवाल, म्हणजे नियमांमधला फॉर्म १, एकदा नीट वाच. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, टोमणे, घरखर्चाला पैसे न देणं, नोकरी करू न देणं हे सगळे रकाने वेगवेगळे आहेत. आणि फॉर्म ५ आहे, सुरक्षिततेचा आराखडा, तिला पुढे कशाची भीती वाटते आणि त्यावर काय करायचं ते लिहायचा. अधिकाऱ्यांना भेटशील तेव्हा विचार, फॉर्म ५ भरता का हो, वेळ मिळतो का? माझा अंदाज आहे की या एका प्रश्नावर तुला अर्ध्या तासाचं बोलणं मिळेल, आणि त्यात फक्त सबबी नसतील. खूप ठिकाणी या माणसांकडे खात्याची इतर कामंही असतात, गाडी नसते, बोलायला बंद खोली नसते, बाई रडतेय आणि शेजारच्या टेबलावर दुसऱ्याच योजनेचे अर्ज घेणं चालू. त्यांना आरोपी करून लिहू नकोस, पण त्यांच्या बाजूने सारवासारवही नको. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की महिला-बालविकास खात्यातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. कायदा येऊन जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर! तुझ्या तालुक्यात त्या आदेशानंतर काय बदललं, पाटी तरी लागली का, हे आत्ता तपासणारी तू पहिली असशील कदाचित.

माहिती अधिकारात अर्ज टाक. किती घटना अहवाल नोंदवले, किती कोर्टात पाठवले, किती अंतरिम आदेश निघाले, प्रसिद्धीवर किती खर्च झाला, कारण कायद्याची प्रसिद्धी करणं हेही कलम ११ ने सरकारवरच टाकलंय. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत असा नियम आहे, त्यामुळे दोन-तीन वेगळे अर्ज कर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. आणि गावातली तंटामुक्ती समिती विसरू नकोस. २००७ पासून ही मोहीम चालू आहे, गावात मान आहे तिला, पण नवरा-बायकोचं प्रकरण तिथे गेलं की बऱ्याचदा चार लोकं बसतात, त्याला समज देतात, तिला "नांदायला जा" म्हणतात आणि तंटा मिटला अशी नोंद होते. ती नोंद झाल्यावर सहा महिन्यांनी ती कुठे आहे हे कुणी बघतं का? हा माझा जुना प्रश्न आहे, तुला जमलं तर घे.

दवाखान्याचंही तसंच. बाई येते आणि सांगते जिन्यावरून पडले, मोरीत घसरले, आणि मार दंडाच्या आतल्या बाजूला असतो, घसरून तिथे लागत नाही. पोलिसांकडे न जाणारी बाईसुद्धा दवाखान्यात येतेच, हे ओळखून मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० साली महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून दिलासा हे समुपदेशन केंद्र सुरू केलं. त्याच्याही आधी १९८४ मध्ये टिसने, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेने, मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष काढला, म्हणजे पोलिसांच्या इमारतीत समाजकार्यकर्ती बसवली, आणि पुढे राज्यभर कक्ष निघाले. आणि तू तर पुण्यात आहेस. १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या विवाहितेच्या सासरी झालेल्या मृत्यूनंतर इथल्या बायका रस्त्यावर आल्या, "मी एक मंजुश्री" हे प्रदर्शन झालं, नारी समता मंच उभा राहिला, घरातली गोष्ट चारचौघांत बोलायची सोय झाली. पुढच्याच वर्षी दंडसंहितेत ४९८-अ हे विवाहितेचा छळ गुन्हा ठरवणारं कलम आलं, त्यामागे देशभरातल्या अशा बायकांचा जोर होता. तुझ्या प्रबंधात हे प्रकरण असायलाच हवं, नाहीतर कायदा दिल्लीतून आपोआप पडला असं वाटतं.

वर्गातल्या मुलांना काय सांगायचं? "बायका तक्रारच करत नाहीत" हे अर्धं खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं, महाराष्ट्रात साधारण चारातली एक. आणि ज्यांनी कुणाकडूनही शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली त्यांतल्या फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितली, ७७ टक्क्यांनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. मदत मागणाऱ्याही बहुतेक माहेरी किंवा जवळच्या माणसांकडेच गेल्या, पोलिसांकडे जाणाऱ्या अगदी मोजक्या. हे आकडे दाखव आणि विचार, मागितल्यावर काय मिळतं हे शेजारणीचं बघितलेल्या बाईने का मागावी? तक्रार न करणं हा तिचा दोष म्हणून लिहायचा की व्यवस्थेबद्दलची माहिती म्हणून, हे पॉलिसी शिकणाऱ्यांनी तरी ठरवायला हवं.

खोट्या केसेसचं म्हणणाऱ्यांशी भांडू नकोस, आधी विचार की तुम्ही कुठल्या कायद्याबद्दल बोलताय. बहुतेकांच्या डोक्यात ४९८-अ असतं, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५-८६ झालं, त्यात अटक, तुरुंग येतो. २००५ च्या कायद्यात अर्ज केला म्हणून कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. तिथे बाई मागते काय, तर मारू नको असा आदेश, राहायला घर, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा. आदेश मोडला तरच शिक्षा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी कायदा वाकडा वापरत असेल तर तेही तपासायला हरकत नाही, पण मग फायली उघडून तपासा. कोर्टातून मागे घेतलेली केस खोटी असं धरू नका, कारण तारखांना कंटाळून, पोरांच्या शाळेपायी, भाऊ म्हणाला आता पुरे म्हणून मागे घेतलेल्या केसेस मी रोज बघते.

आता तुझी मावशी. हे तू पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलंस, पण मला वाटतं झोप त्यामुळेच उडालीय. तिला प्रबंधात आणू नकोस, नाव बदलूनही नको, तिच्याकडे फक्त भाची म्हणून जा. एकटी गाठ, बाजारात, देवळात, तुमच्या घरी काही कार्यक्रम असेल तेव्हा, आणि एवढंच म्हण की मावशी मला दिसतंय, तू म्हणशील तेव्हा मी आहे. सोडून ये असं लगेच म्हणू नकोस, बाहेर पडायच्या वेळीच जिवाचा धोका वाढतो आणि ते कधी करायचं हे तिलाच जास्त कळतं. तिला हे मात्र माहीत असू दे की घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्या घरात राहायचा हक्क २००५ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबद्दलही हे स्पष्ट केलंय. वकील मोफत मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, तालुका विधी सेवा समितीत जायचं किंवा १५१०० ला फोन करायचा. आधार, पासबुक, मुलांचे दाखले, दागिन्यांची यादी यांच्या झेरॉक्स तिला हव्या असतील तर तुमच्याकडे ठेवा. काकांशी कुणी परस्पर "बोलून बघायला" जाऊ नका, त्याचा त्रास तिलाच होतो. तिच्या वतीने दुसरं कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर काही कारवाई होत नाही, पण ते तिला विचारून. जिवावर बेतेल असं वाटलं तर मात्र विचारत बसायचं नाही, सरळ ११२.

आणि आईशी बोल. घरात कुणी बोलत नाही म्हणजे कुणाला माहीत नाही असं नसतं, बहिणीचं दुःख तुझ्या आईला तुझ्याआधीपासून माहीत असणार, तिलाही कुणीतरी सुरुवात करायची वाट असेल.

झोपेचं हलक्यात घेऊ नकोस. आमच्याकडे काम करणाऱ्या सगळ्यांना आठवड्यातून एकदा बसून बोलायची सक्ती आहे, ऐकलेलं अंगात साठतं म्हणून. तुला अशी जागा कॉलेजने द्यायला हवी होती, नाही दिली तर मागून घे, आणि तोपर्यंत १४४१६ वर टेलिमानसला फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. रात्री ट्रान्सक्रिप्ट वाचत बसू नकोस. त्या दोन मुलाखतींचे कागद आहेत ना, त्यातली नावं, गाव, नवऱ्याचा धंदा खोडून टाक. नुसतं नाव बदलून भागत नाही, "या गावातली एकमेव शिलाईवाली" असं लिहिलंस की सगळा तालुका ओळखतो. त्या बाईंनी नीट संमती दिली होती असं तुला मनापासून वाटत नसेल तर तिचा भाग वापरूच नको.

गाईडना भेटताना एक पानभर नवा आराखडा लिहून ने: तीस पीडितांऐवजी संरक्षण अधिकारी, दोन-तीन वकील, विशेष कक्षातल्या समुपदेशक, ठाण्यातले हवालदार, आशाताई, दवाखान्यातली नर्स, आणि केंद्रामार्फत तयार असतील तर चार-पाच बायका, त्यांनाही फक्त मदत मागितल्यानंतरचे प्रश्न. सोबत एथिक्स कमिटीचा अर्ज जोड. आकडा कमी झाला म्हणून ते कुरकुर करतील, तेव्हा त्यांना त्या सासूचा प्रसंग जसा झाला तसा सांग, मला नाही वाटत कुठला शिक्षक त्यानंतर तीसच हवेत म्हणून अडून बसेल, आणि बसलाच तर विभागप्रमुखांकडे जा. माहिती अधिकाराचे अर्ज मात्र गाईडच्या होकारासाठी थांबवू नकोस, उत्तराला तीस दिवस देतात आणि बरेचदा अपील करावं लागतं, चार महिन्यांतला वेळ सगळ्यात जास्त तिथेच जातो. सोमवारीच टाक.